वरकड

"मिस दोनाडकर, तुमच्या घरातून एक माणूस काढून घेतलं, तर धान कमी पिकेल का?" खानझोडे सरांनी विचारलं आणि मी उभी राहिले. उत्तर मला पाठ होतं. कालच सरांनी ते आम्हा पाचही जणांकडून घोटून घेतलं होतं, कारण आज नागपूरहून विद्यापीठाची समिती यायची होती. ती आलीही होती. मागच्या बाकावर तीन माणसं बसली होती आणि मधल्या टकल्या अध्यक्षांनी आपली टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मला फक्त म्हणायचं होतं, नाही सर. तेवढ्यात अर्धवट लोटलेल्या दारातून मला व्हरांड्यात भाऊ दिसला. माझा सख्खा मोठा भाऊ, भैयाजी. ज्यानं या वेळी आरमोरीला आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गुडघाभर चिखलात असायला हवं होतं, तो इथं चांद्याला, धोतर वर खोचून, खांद्यावर एक ओलं पोतं घेऊन आमच्या चपराशाशेजारी उभा होता. मी पाहिलं तसा तो हसलाही. झालं, मेले मी, असं मला वाटलं. पोत्यातलं पाणी व्हरांड्याच्या फरशीवर टपटपत होतं, आणि सकाळीच समितीसाठी ती फरशी दोनदा पुसून घेतलेली होती. आमच्या घरच्या माणसांना ना, वेळ म्हणून कळत नाही.

तो कशाला आला हे मला विचारायची गरज नव्हती. रोवण्याचे दिवस होते, धानाच्या लावणीचे. मागल्या आठवड्यात आईनं सांगावा धाडला, दोन दिवस येऊन जा, आणि मी उलटा सांगावा धाडला, या वर्षी जमत नाही. जमत नाही म्हणजे खरंच जमत नव्हतं. एम.ए.चा अर्थशास्त्राचा वर्ग चांद्यात पहिल्यांदाच निघत होता. आजवर ज्याला पुढं शिकायचं त्यानं नागपूरला जायचं. तिथं काय नाही मिळत! चलन आणि बँकिंग, सार्वजनिक आयव्यय, आंतरराष्ट्रीय व्यापार, लोकसंख्या, आर्थिक विचारांचा इतिहास. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात ही सगळी नावं मी चांद्यात मामाच्या घरी चुलीपुढं बसून वाचली होती, एखादीनं साड्यांची नावं वाचावीत तशी. आमच्या कॉलेजला यातलं एकच ऐच्छिक मिळणार होतं, शेतीचं अर्थशास्त्र, कारण खानझोडे सरांना तेच येत होतं. तेही अजून कच्चं, मंजुरी व्हायची होती. वर्गात नियमित बसणारे पाच विद्यार्थी समितीला दिसले तर वर्ग पक्का, चार दिसले तर घरी जा. त्या पाचांत दोन शाळामास्तर, एक लाकडाच्या डेपोतला कारकून, एक हाजरा आणि एक मी. आणि हाजराचं असं, की तिच्या बांगड्यावाल्या अब्बांनी आधीच बजावलं होतं, वर्गात दुसरी मुलगी असेल तर तू, नाही तर घरी. म्हणजे मी उठून भावामागं चालायला लागले असते तर माझं, तिचं आणि खानझोडे सरांचं, तिघांचं एकदम आटोपलं असतं.

सर खडू घेऊन थांबले होते. फळ्यावर त्यांनी काढलेली रेघ आधी चढत जात होती आणि मग सपाट झाली होती. त्या सपाट भागावर त्यांनी लहानशी फुली मारली होती. पहिल्यांदा ही रेघ त्यांनी आम्हाला समजावून सांगितली तो दिवस मला आठवत होता. समजा, एका घरी थोडी शेती आहे आणि माणसं पाच. काम तिघांचं. पण पाचही जण राबतात, थोडं थोडं वाटून घेतात आणि सगळेच कामात दिसतात. त्यातली दोन काढून दुसरीकडं नेली, कारखान्यात, धरणावर, तरी धान तेवढंच पिकणार. ही दोन माणसं वरकड. बेकार, पण झाकलेली. सगळ्या देशाची दुसरी पंचवार्षिक योजना त्या झाकलेल्या माणसांकडं डोळे लावून बसली आहे, असं सर म्हणाले होते, आणि दोघे शाळामास्तर माना डोलवत होते. मला मात्र त्या दिवशी घाम फुटला होता. आनंदानं. खोटं कशाला बोलू? मी निघून गेले तर कुणाचं काही बिघडत नाही, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं, आणि तेही रागानं नाही, टोमणा म्हणून नाही, रेघ काढून. बी.ए. होईपर्यंत दर वेळी गावाहून निघताना आई दाराशी उभी राहायची, रंभाआत्या आत जाऊन उगाच भांडी वाजवायची, त्या सगळ्यावर त्या सपाट रेघेनं पाणी फिरवलं. मी फुली होते. सुटले होते.

"विचार करून सांगा, बाई," मागून अध्यक्ष म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा, मायेचा. "तुम्ही धानाच्या घरच्या, म्हणून तुम्हाला विचारायचं. पुस्तकातलं सगळेच सांगतात. एक माणूस म्हणजे, उदाहरणार्थ, समजा, तुम्हीच." मास्तर हसले. सरही हसले, पण त्यांच्या मानेवरची शीर उडत होती हे मला पुढच्या बाकावरून दिसत होतं. हाजरानं बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला. बोल ना. आणि मी दाराकडं पाहिलं. भाऊ आता हसत नव्हता, पण लक्ष देऊन ऐकत होता. इंग्रजी चाललं असतं तर त्याला काही कळलं नसतं, पण अध्यक्षांनी मराठीत विचारलं होतं आणि त्यात धानाचं नाव होतं. धानाचं नाव निघालं की भाऊ झोपेतूनही उठतो. बहिणीला काय विचारून राह्यले आणि ती काय सांगते, या कौतुकानं त्यानं मान किंचित वाकडी केली होती. बाबाही अशीच मान करायचे.

मला बांधी दिसायला लागली. मी नको म्हणत होते तरी दिसायला लागली. चिखल तयार झालेला, पाणी तांबूस, मुठीएवढ्या जाड पेंड्या बांधून ठेवलेली हिरवी रोपं, ज्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो, आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर लुगडी वर खोचून उभ्या असलेल्या बाया. उभ्या म्हणजे नुसत्या उभ्या. कारण आमच्या घरची रीत अशी, की पहिली पेंडी घरच्या लेकीनं सोडायची. तिनं गाठ सोडून उगवतीच्या कोपऱ्यात दोनचार रोपं लावल्याशिवाय कोणी चिखलात पाय घालायचा नाही. मी चालायला लागले तेव्हापासून ते काम माझं. पहिल्यांदा तर बाबांनी मला काखेत धरून चिखलावर लोंबती ठेवली होती आणि मी रोपं उलटी खुपसली होती म्हणतात. माझ्या आधी ते काम रंभाआत्याचं होतं, बाबांच्या बहिणीचं. ती लग्न होऊन गेली, वर्षाच्या आत कपाळ पुसून परत आली, आणि तिच्या हातची पेंडी चालेनाशी झाली. मग मी होईपर्यंत गावातल्या कुणाच्या तरी लेकीला मागून आणायचे. उसनी लेक. आत्या रोवायला सगळ्यांच्या पुढं, दिवसभर कमरेत वाकलेली, पण पहिली पेंडी सुटेपर्यंत तिनं धुऱ्यावर पाठ करून उभं राहायचं, म्हणजे तिची नजर पडायला नको. मी हे दर वर्षी पाहिलं आहे. गाठ सोडून मी वर पाहायची तेव्हा मला सगळ्यांची तोंडं दिसायची आणि तिची पाठ.

पण मला वाटलं, भाऊ काही त्यासाठी आलेला नाही. एवढ्या लांब, वडशापर्यंत बैलांच्या खाचरात आणि मग छोट्या लाइनीच्या गाडीत अर्धा दिवस बसून कोणी गाठ सोडायला माणूस न्यायला येतं का! त्याला बाया मिळाल्या नसतील. हात कमी पडले असतील, म्हणून मला ओढून न्यायला आला. आणि मला राग आला. खरंच आला. हे सगळं मी इथं उभं करायचं आणि यानं पोतं घेऊन दारात टपकायचं? सरांची मानेवरची शीर, हाजराचा पाय, ती फळ्यावरची रेघ, सगळं एका बाजूला, आणि हा मान वाकडी करून दुसऱ्या बाजूला. मी मोठ्यानं म्हणाले, "नाही सर. धान कमी होणार नाही." तिथंच थांबायला हवं होतं. पण अध्यक्ष मान हलवत होते आणि माझ्या आवाजाला एक धार चढली होती, ती मला आवडली. "मी घरी नसले तरी काही फरक पडत नाही. तेवढंच पिकतं." "वा," अध्यक्ष म्हणाले. सरांनी खांदे खाली सोडले. मी बसताना दाराकडं पाहिलं. भावानं पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्याच्या तोंडावर काही रागबिग नव्हता. एखाद्यानं रस्ता सांगावा आणि आपण मान हलवावी तशी त्यानं स्वतःशी मान हलवली. पुढच्या वेळी मी पाहिलं तेव्हा दारात नुसता चपराशी होता आणि फरशीवरचं पाणी.

तास संपला तो कसा, मला माहीत नाही. सर घटत्या फलाचा नियम सांगत होते. वहीत मी काय लिहिलं ते नंतर मलाच वाचता आलं नाही. समिती प्राचार्यांच्या खोलीत चहाला गेली. त्यानंतर सांख्यिकीचा तास होता आणि त्यालाही ते येऊन बसणार होते. सर जाता जाता म्हणाले, "कुणी हलायचं नाही. मुतायलासुद्धा नाही," आणि मग आम्ही दोघी असल्याचं लक्षात येऊन लाल झाले. मी दाराशी गेले. कोलू म्हणजे आमचा चपराशी, केस पांढरे झालेला, मूळचा धानोऱ्याकडचा. तो फडक्यानं पाणी टिपत होता.

"कोलूभाऊ, माझा भाऊ कुठं आहे?"

"गेला ना वो बाई. गाडीचा टाइम झाला म्हणे."

"काही बोलला?"

"मी म्हटलं, थांबा, आता सुट्टी होते. तं म्हणे, नाई जी, तिचं मोठं काम चालू हाये, काऊन नड घालता." कोलूनं फडकं पिळलं. "पऱ्ह्याची पेंडी होती पोत्यात. एकच. मी म्हटलं, कालेजात रोवणा लावता का? तं हासला. म्हणे, बहिणीचा हात लागाले पाह्यजे, मंग बाया उतरतेत. तिले याले जमत नाई म्हणून मीच पेंडी घेऊन आलो."

मी तिथंच दाराची चौकट धरली. तो मला न्यायला आलाच नव्हता. मी म्हणाले होते, जमत नाही, आणि त्यानं ते मुकाट्यानं मान्य केलं होतं. मी येत नाही तर बांधीच माझ्याकडं आणायची, एवढाच त्याचा हिशेब. ओल्या पोत्यात गुंडाळून, गाडीत मांडीवर धरून. मला हात लावायचा होता, बस. आणि मी त्याला काय ऐकवलं? हाजरा मागं येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "वच्छला, नको," ती म्हणाली. "मले माहीत हाये तू काय इचार करून राह्यली. पण ते लोकं चहा पिऊन आले अन आपण चारच दिसलो तं? अब्बा उद्याच मले दुकानात बसवतेत. खुदा कसम, मी रडन." तिचे डोळे आधीच भरले होते. माझ्यामुळं तिचं नुकसान झालं असतं हे मला स्वच्छ दिसत होतं आणि तरी माझे पाय पायरीवर गेले होते. हाजरानं माझ्याकडं पाहिलं, मग डोळे पुसले आणि मला ढकललंच. "जा. पण उडत जा. गफ्फारचाचाचा टांगा फाटकाबाहेर उभा असन, माहं नाव सांग."

गफ्फारचाचांनी घोडं पळवलं. वाटेत सगळीकडं चिखल होता. मी पुढच्या दांडीला धरून बसले होते, आणि तरी डोक्यात ती मेली रेघ सरकत होती. घरातून मला वजा केलं तर काही बदलत नाही आणि वर्गातून मला वजा केलं तर सगळंच कोसळतं. मग मी नेमकी आहे किती? एकच बाई दोन ठिकाणी उभी केली तर इथं तिची किंमत सगळी आणि तिथं शून्य, असं कुठल्या पुस्तकात आहे? सरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, प्रश्न चांगला आहे, पण अभ्यासक्रमात नाही. आणि त्याच वेळी मला असंही वाटत होतं, की गाडी सुटून गेली असली तर बरं. नाही भेटला तर नाही भेटला. मी प्रयत्न केला असं मला म्हणता येईल. इतकी मी त्याला घाबरत होते, जो मला आयुष्यात एकदाही रागावला नाही.

गाडी अजून स्टेशनात उभी होती. चांदा फोर्टची गाडी वेळेवर सुटल्याचं कुणी पाहिलेलं नाही. भाऊ खिडकीशी बसला होता आणि पोतं मांडीवर होतं. मला पाहून तो दचकला. "वच्छे! तुहा वर्ग?"

"सुट्टी आहे." मला दम लागला होता. "भाऊ, मी ते म्हटलं ना, ते तसं नव्हतं. ते पुस्तकातलं उत्तर आहे. तसंच द्यावं लागतं."

"काऊन? खोटं होतं का?" त्यानं खरोखर विचारलं. "बरोबरच सांगतलीस तू. घरचं माणूस कमी झालं तरी धान पिकतेच. बाबा गेले त्या साली बी पिकलंच ना. उलट दोन पोते जास्त झाले होते." तो हसला, आणि मला त्या हसण्यानं हुंदका आला. बाबा गेले त्या वर्षी खळ्यावर धान मोजताना तो एकदम थांबला होता आणि आत येऊन आईला म्हणाला होता, यंदा जास्त झालं. मला वाटलं होतं ते मी विसरले आहे.

"रडू नको बाप्पा. लोकं पाहतेत," तो म्हणाला. "हे पाय, आता आलीच हायेस तं हात लाव." त्यानं पोत्याचं तोंड उघडलं. पेंडी आत अजून ताजी होती, पात्यांवर पाणी होतं. प्रवासात कुठं कुठं त्यानं ते शिंपडलं असेल देव जाणे. चिखलाचा वास आला. मी खिडकीतून हात आत घातला. बोटांना पाती लागली, खाली आत्यानं बांधलेली गाठ लागली. ती आत्याचीच होती. ती दोनदा आवळून बांधते आणि टोक आत खुपसते. म्हणजे ही पेंडी बांधायला आत्या चालते. खणायला चालते, वाहायला चालते, दिवसभर रोवायला चालते. आणि गाठ सोडायला माझा हात चालतो, जो इथं चांद्याला, शाईनं डागळलेला. मला तिची पाठ दिसली. या वर्षी मी तिथं नाही, आणि तरी उद्या माझा हात लागलेली पेंडी बांधीत उतरेल आणि आत्या पाठ करून उभी राहील. मी हात काढून घेतला.

"भाऊ, ही आत्याले सोडू दे."

"आत्याले?" त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं की काय म्हणून. "काईच्या काई. आई काय म्हणन? बाया काय म्हणतीन?"

"ती पण घरची लेकच हाये ना? माहा हात तुम्ही आगगाडीतून नेऊन राह्यले अन तिचे दोन हात तिथंच धुऱ्यावर उभे हायेत." मी त्याच्यासारखी बोलायला लागले होते. घरचं बोलताना मी तशीच बोलते, वर्गात ते कुणाला माहीत नाही. "मी नसली तं काई फरक पडत नाई म्हटलं ना मी? मंग पडू देऊ नका. तिले म्हणा, इकडं तोंड कर."

भाऊ पेंडीकडं पाहत राहिला. त्याच्या जबड्याचं हाड हललं. गार्डानं शिट्टी मारली. मला वाटलं, झालं, हेही गेलं. मग त्यानं पोत्याचं तोंड सावकाश बंद केलं, सुतळी बांधली, आणि म्हणाला, "सांगून पाहीन आईले. नाई आयकलं तं मीच आत्याच्या हातात देईन. पाहू मंग कोण काय करते." गाडी हलली. मी दोन पावलं सोबत चालले. तो खिडकीतून वाकला आणि ओरडून म्हणाला, "अन वच्छे, तुह्या त्या मास्तरले सांगजो. फरक पडते. धानाले नाई पडत."

परत येताना टांग्यात मी रडले. भरपूर रडले. गफ्फारचाचांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. कॉलेजच्या पायऱ्या मी धावत चढले तेव्हा वर्गाचं दार लोटलेलं होतं आणि आतून सरांचा आवाज येत होता, फार मोठा, म्हणजे ते वेळ काढत होते. मी दार ढकललं. तिघंही मागच्या बाकावर होते. अध्यक्षांनी टोपी पुन्हा मांडीवर ठेवली होती. माझ्या साडीला घोट्यापर्यंत चिखल होता आणि नाक लाल झालेलं असणार.

"या बाई," अध्यक्ष म्हणाले. "कुठं गेला होतात?"

सरांनी डोळे मिटले. मला एखादी सबब सांगता आली असती. तोंडाला पाणी लावायला, म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"घरी गेले होते, सर."

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं आणि काय समजले कोण जाणे, पुढं काही विचारलं नाही. शेजारच्या सभासदाकडं वळून म्हणाले, "पाच." आणि मग सरांना म्हणाले, "एका ऐच्छिक विषयावर भागायचं नाही हो. पुढच्या वर्षी दुसरा मागा." खानझोडे सरांच्या हातून खडू पडला आणि तो उचलायला ते बराच वेळ वाकून राहिले. हाजरानं सरकून जागा केली. तिचा हात गार पडला होता. "भेटला?" तिनं ओठ न हलवता विचारलं. "भेटला," मी म्हटलं. उद्या सकाळी बाया धुऱ्यावर उभ्या असतील आणि आत्या सवयीनं पाठ फिरवेल, आणि भाऊ तिला हाक मारेल. की नाही मारणार? मला ते इथून दिसणार नव्हतं. मी पाचवी होते, मला हलता येत नव्हतं. बोटांना अजून चिखल होता, तो मी पुसला नाही, आणि सरांनी फळ्यावर सरासरीची व्याख्या लिहिली ती तशाच हातानं वहीत उतरवून घेतली.